मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी स्पर्धा परीक्षेचं इंग्रजी: कोकणातल्या घरी बसून तयारी कशी करायची

तलाठी, जिल्हा परिषद, बँक, स्टाफ सिलेक्शन, एमपीएससी यांपैकी कुठलीही परीक्षा घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं गणितात आणि सामान्य ज्ञानात मागे नसतात. गुण जातात ते इंग्रजीत. सराव घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. मुलं चुकतात ती इंग्रजी अजिबात येत नाही म्हणून नाही. ती मराठी वाक्य मनात धरतात आणि त्यावर इंग्रजी शब्द बसवतात. अशा चुका फार नसतात, त्या ठराविक असतात आणि म्हणूनच दुरुस्त करता येतात. मी राजापूर तालुक्यातल्या वाडीत राहून, क्लास न लावता, अशाच चुका शोधून तयारी केली. तीच पद्धत इथे क्रमानं लिहिते आहे.

1. आधी आपली परीक्षा नीट ओळखा

'इंग्रजीची तयारी' म्हणून सरसकट काही नसतं. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 इंग्रजीचे होते. प्रत्येकाला 2 गुण होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. अशा पेपरात एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल (पदवीधरांसाठीच्या) परीक्षेच्या पहिल्या टप्प्यातही इंग्रजीचे 25 प्रश्न आणि 50 गुण असतात, पण तिथे प्रत्येक चुकीला अर्धा गुण जातो. दुसऱ्या टप्प्यात 45 प्रश्नांना 135 गुण आहेत आणि चुकीला एक पूर्ण गुण जातो. बँकांच्या आयबीपीएस पूर्वपरीक्षेत इंग्रजीच्या 30 प्रश्नांना 20 मिनिटं वेगळी दिलेली असतात. ती संपली की तो भाग बंद होतो आणि परत मागे जाता येत नाही.

एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथला 300 गुणांचा इंग्रजीचा पेपर गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण त्यात 25 टक्के मिळाले नाहीत तर तुमचे बाकीचे पेपर ग्राह्य धरले जात नाहीत. तिथे निबंध, सारांश, भाषांतर लिहायचं असतं, म्हणजे हाताला लिहिण्याची सवय हवी. या लेखातला बहुतेक भाग पर्यायी उत्तरांच्या परीक्षांसाठी आहे, पण व्याकरणाचा भाग दोन्हीकडे लागतो.

जाहिरातीतला अभ्यासक्रम आणि गुणांचं कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून काढा. नियम बदलत असतात. गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी सांगण्यावर यंदाची तयारी करू नका.

2. काय काय जमवायचं

खर्चिक काही लागत नाही.

- तुमच्या परीक्षेच्या किमान पाच-सहा जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरतालिकेसह. एमपीएससीच्या त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात.
- बालभारतीची आठवी ते बारावीची इंग्रजीची पुस्तकं. ई-बालभारतीवर ती फुकट उतरवून घेता येतात.
- व्याकरणाचं एकच पुस्तक, ज्यात सरावाची वाक्यं भरपूर आहेत आणि मागे उत्तरं आहेत.
- इंग्रजी-इंग्रजी-मराठी शब्दकोश. फोनमध्ये घेतलात तर नेट नसताना चालणारा घ्या.
- दोनशे पानी दोन वह्या. एक शब्दांची, एक चुकांची.

आपल्याकडे पावसात लाइट जाते आणि रेंज कधी सड्यावर, म्हणजे वरच्या मोकळ्या कातळावर, गेल्याशिवाय येत नाही. तालुक्याच्या गावी किंवा रत्नागिरीला जाल तेव्हा पीडीएफ उतरवून ठेवा आणि महत्त्वाच्या प्रश्नपत्रिका छापून घ्या. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं आहे. अशा जुन्या वाचनालयांत, आणि तालुक्याच्या ग्रंथालयांतही, शब्दकोश आणि इंग्रजी वर्तमानपत्र टेबलावर असतं. घरात बसून कंटाळा आला की तिथे जाऊन बसा.

एका गोष्टीपासून लांब राहा. 'पाच हजार महत्त्वाचे शब्द' अशा फाइली टेलिग्रामवर ढिगानं फिरतात. त्या उतरवून घेतल्या की अभ्यास झाल्यासारखं वाटतं आणि होत काही नाही.

3. अभ्यास सुरू करण्याआधी एक पेपर सोडवा

बहुतेक जण आधी सगळं व्याकरण संपवायचं आणि मग पेपराला हात लावायचा असं ठरवतात. व्याकरण कधीच संपत नाही. जुन्या प्रश्नपत्रिकेतला इंग्रजीचा भाग पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून सोडवा. गुण किती आले याला महत्त्व नाही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे एक शब्द लिहा: शब्दार्थ, काळ, अव्यय ('टू', 'विथ', 'बाय' असे शब्द), उपपद ('अ', 'ॲन', 'द'), वाचन, घाई. आणि जिथे उत्तर बरोबर आलं पण अंदाजानं आलं, तिथे 'अंदाज' लिहा. त्या बरोबर उत्तरांवर विसंबू नका, पुढच्या पेपरात तेच प्रश्न चुकतात.

चुकांच्या वहीत नोंद अशी करा: डाव्या पानावर चुकलेलं वाक्य, उजव्या पानावर बरोबर वाक्य आणि खाली एका ओळीत कारण. कारण स्वतःच्या शब्दांत, मराठीत. 'नियम क्रमांक 14' असं लिहून उपयोग नाही, महिन्यानं ते वाचलं तर काहीच आठवत नाही.

4. व्याकरण: आधी मराठीतून येणाऱ्या चुका

पुस्तकाच्या पहिल्या पानापासून, नाम-सर्वनाम करत जाऊ नका. आपली मराठी जिथे इंग्रजीपेक्षा वेगळी वागते तिथून सुरुवात करा, कारण चुका ओळखायच्या प्रश्नांत मला सगळ्यात जास्त सापडले ते हेच.

पासून. 'मी दोन वर्षांपासून इथे राहतो' आणि 'मी 2019 पासून इथे राहतो'. मराठीत दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ. इंग्रजीत कालावधी असेल तर 'फॉर टू इयर्स', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स 2019', आणि क्रियापद 'हॅव बीन लिव्हिंग'. 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' या वाक्यात दोन चुका आहेत, पण मराठी कानाला ते अगदी बरोबर वाटतं. वाक्यात 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसला की लगेच क्रियापदाकडे बघायची सवय लावा.

तो म्हणाला की. मराठीत 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असं आपण सहज म्हणतो. बोलणाऱ्याचं वाक्य जसंच्या तसं राहतं, पुढे फक्त 'की' लागतो. इंग्रजीत 'दॅट' आला की सगळं हलतं: 'ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे'. 'मी'चा 'तो' झाला, 'विल'चा 'वुड' झाला, 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' झाला. सरावात या तीन गोष्टी बोटांवर मोजा: माणूस, काळ, वेळ. वाक्य त्रिकालाबाधित सत्याचं असेल, जसं पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर काळ बदलत नाही. हा अपवाद परीक्षेत हमखास येतो.

जर-तर. 'पाऊस पडेल तर फेरीबोट सुटणार नाही.' मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ चालतो. इंग्रजीत 'इफ'च्या भागात 'विल' येत नाही: 'इफ इट रेन्स, द फेरी विल नॉट रन'. 'व्हेन', 'अनटिल', 'ॲज सून ॲज' यांनाही भविष्याबद्दल बोलताना हाच नियम. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, त्याच्या भागात पुन्हा 'नॉट' घातला की वाक्य चुकलं.

अनेकवचन. आपण 'बातम्या', 'सल्ले' म्हणतो. इंग्रजीत 'न्यूज' शेवटी एस असूनही एकवचनी आहे, म्हणून 'द न्यूज इज'. 'ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन', 'फर्निचर', 'लगेज', 'सीनरी' यांना एस लागत नाही. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'.

विभक्ती आणि अव्ययं. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मराठीतला प्रत्यय इंग्रजीतल्या कुठल्या एका अव्ययाशी कायमचा बांधलेला नाही. 'ट्रेनने' म्हणजे 'बाय ट्रेन', पण 'पेनने' म्हणजे 'विथ अ पेन'. 'तिचं लग्न डॉक्टरशी झालं' यातला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ओढतो, बरोबर मात्र 'मॅरिड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणताना 'दॅन' तोंडात येतो, बरोबर 'सीनियर टू', आणि 'प्रिफर' नंतरही 'टू'च. 'कुत्र्याला घाबरतो' तर 'अफ्रेड ऑफ'. 'विषयावर चर्चा केली' यात मराठीला 'वर' हवा, पण 'डिस्कस' नंतर इंग्रजीत काहीच लागत नाही, 'डिस्कस्ड अबाउट' चूक. अशा जोड्यांना नियम नसतो. त्या वाक्यासकट मोठ्यानं म्हणूनच बसतात. मी त्या चुलीजवळच्या भिंतीवर कागदावर लावल्या होत्या आणि भाकऱ्या करताना वाचायचे. आठवड्याला दहा जोड्या पुरे.

उपपदं. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' नाहीतच, त्यामुळे ती गाळली तरी आपल्याला खटकत नाही. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावर नाही, उच्चारावर ठरतं: 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'ॲन एमएलए', पण 'अ युनिव्हर्सिटी', 'अ युरोपियन', 'अ वन-रुपी कॉइन'. नद्या, समुद्र, पर्वतरांगांना 'द' लागतो, म्हणून 'द वाशिष्ठी', 'द अरेबियन सी'. गावाच्या नावाला लागत नाही, चिपळूण नुसतं चिपळूण. गोष्ट पहिल्यांदा आली की 'अ', तीच दुसऱ्यांदा आली की 'द'. हे लक्षात ठेवा, पुढे वाक्यांचा क्रम लावतानाही कामाला येणार आहे.

ना? 'तू गुहागरचा ना?', 'ती आली ना?', 'आपण जाऊया ना?' मराठीत सगळीकडे एकच 'ना' चालतो, म्हणून आपण इंग्रजीत सगळीकडे 'इजन्ट इट' लावतो. इंग्रजीत शेपूट वाक्यातल्या साहाय्यक क्रियापदावरून (किंवा 'ॲम', 'इज', 'आर' वरून) आणि कर्त्यावरून ठरतं: 'यू आर फ्रॉम गुहागर, आरन्ट यू?' वाक्य होकारी तर शेपूट नकारी, आणि उलट. 'हार्डली', 'सेल्डम', 'नेव्हर' असलेलं वाक्य नकारी धरायचं. 'लेट्स' असेल तर 'शॅल वी'.

कर्ता-क्रियापदाचा मेळ मराठी माणसाला तितका अवघड जात नाही. 'तांडेल खलाशांसह परतला' यात आपण 'परतले' म्हणत नाही, तसंच 'अलॉंग विथ' नंतर कितीही माणसं आली तरी क्रियापद पहिल्या कर्त्यावरच जातं. एवढं सांभाळा की 'वन ऑफ द' नंतर नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी: 'वन ऑफ द बोट्स हॅज रिटर्न्ड'. आणि 'नो', 'बिलॉंग', मालकीचा 'हॅव' यांना आयएनजी लावू नका. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे बोलण्यात खपतं, पेपरात नाही.

एवढं पक्कं झालं की पुस्तकातले बाकीचे प्रकार घ्या. कर्मणी प्रयोग, तुलनेच्या पायऱ्या आणि ठराविक जोड्या: 'नो सूनर' बरोबर 'दॅन', 'हार्डली' बरोबर 'व्हेन', 'लेस्ट' बरोबर 'शुड'. हे पाठांतराचं काम आहे, त्यावर फार डोकं लावायची गरज नाही.

5. शब्दसंग्रह: दिवसाला दहा, पण वाक्यासकट

शब्द कुठून घ्यायचे? पहिल्यांदा जुन्या प्रश्नपत्रिकांतून. समानार्थी-विरुद्धार्थीच्या प्रश्नात पाच शब्द असतात, एक विचारलेला आणि चार पर्याय. पाचही लिहून घ्या. आज पर्याय म्हणून आलेला शब्द पुढच्या पेपरात प्रश्न म्हणून येतो, हे तुम्ही स्वतःच पाच-सहा पेपर तपासून बघा.

शब्द एकेकटे न शिकता त्यांची कुटुंबं करा. आंबा-काजूवर फवारणी करणाऱ्या घरात 'पेस्टिसाइड' हा शब्द लहान मुलालाही माहीत असतो. त्यातला 'साइड' म्हणजे मारणं. मग 'सुइसाइड', 'होमिसाइड', 'जेनोसाइड' आणि राजाची हत्या म्हणजे 'रेजिसाइड' हे एका बैठकीत होतात. 'बेनी' चांगलं आणि 'मॅल' वाईट, त्यातून 'बेनेव्होलंट-मॅलेव्होलंट' ही विरुद्ध जोडी मिळते. 'फोबिया', 'क्रसी', 'लॉजी' यांवरून शब्दसमूहाबद्दल एक शब्द हा प्रकार बराचसा उरकतो.

क्रियापद आणि अव्यय मिळून होणारे शब्द क्रियापदावरून लावा. 'पुट ऑफ' पुढे ढकलणं, 'पुट आउट' विझवणं, 'पुट अप विथ' सहन करणं. 'लुक आफ्टर' सांभाळणं, 'लुक इन्टू' चौकशी करणं, 'लुक फॉर' शोधणं. प्रत्येकाचं एक वाक्य आपल्या घरातलं करा. कुणी शेगडी विझवली, कुणी लग्न पुढे ढकललं, अशी वाक्यं विसरत नाहीत.

एका शब्दाला एकच मराठी अर्थ लिहायची सवय मोडा. 'ग्रेव्ह' म्हणजे थडगं एवढंच माहीत असलं तर 'ग्रेव्ह सिच्युएशन' वाचताना तुम्ही अडता. 'फाइन' म्हणजे छानही आणि दंडही. परीक्षक नेमका कमी ओळखीचा अर्थ विचारतो.

स्पेलिंग हा वेगळा विषय आहे, तो डोळ्यांनी नाही, हातानं शिकायचा. 'अकॉमोडेशन'मध्ये दोन सी आणि दोन एम, 'कमिटी'मध्ये एम, टी, ई तिन्ही दोनदा, 'एम्बॅरस'मध्ये दोन आर आणि दोन एस, 'सेपरेट'मध्ये पी नंतर ए. 'स्टेशनरी'चा शेवट ए-आर-वाय असेल तर स्थिर, ई-आर-वाय असेल तर वह्या-पेनं. फोनवर टाइप करताना यंत्रच स्पेलिंग दुरुस्त करून देतं, म्हणून हे शब्द पेननं कागदावर लिहा.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं करा. उजळणी न करता नवे शब्द घेत गेलात तर वही जाड होते आणि डोकं रिकामंच राहतं.

6. वाचन: ओळखीच्या विषयापासून सुरुवात करा

'रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचा' हा सल्ला सगळे देतात. नवख्या माणसाला तो चुकीचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. अग्रलेखात विषयही अनोळखी आणि भाषाही अवघड. दहा ओळींत पंधरा शब्द अडले की माणूस चार दिवसांत वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. पहिले दोन-तीन महिने विषय ओळखीचा घ्या, म्हणजे भाषेकडे लक्ष देता येईल.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा इंग्रजीत येतो. 'फिशरमेन आर ॲडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी' या एका वाक्यात कर्मणी प्रयोग आहे, 'नॉट टू' आहे, 'व्हेंचर' आहे. बंदरावरच्या प्रत्येक घराला त्याचा अर्थ आधीच माहीत असतो. पावसाळ्यात तो रोज वाचा. 'स्क्वॉली', 'लाइकली टू प्रिव्हेल', 'गस्टिंग' हे शब्द आठवड्यात अंगवळणी पडतात.

त्यानंतर बालभारतीचे धडे, आठवीपासून वर. कमीपणा वाटून घेऊ नका. बारावीच्या पुस्तकापर्यंत नीट पोचलात तर बहुतेक परीक्षांचे उतारे तुमच्या आवाक्यात आले. मग पत्र सूचना कार्यालयाची निवेदनं घ्या. केंद्र सरकारचं एकच निवेदन पुष्कळदा इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतं. आधी इंग्रजी वाचा, अर्थ लावा, मग मराठीशी ताडून पाहा. क्लास नसलेल्या गावात यापेक्षा चांगला शिक्षक मला सापडला नाही. राज्यसेवेच्या भाषांतरालाही याचा थेट उपयोग होतो. अग्रलेख यानंतर.

वाचताना प्रत्येक शब्दाला थांबू नका. परिच्छेद पूर्ण करा, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारा, अंदाज लिहा आणि शेवटी शब्दकोश उघडा. परीक्षेत शब्दकोश नसतो, तिथे अंदाजच लावायचा असतो. त्याची सवय आतापासून हवी.

7. उतारा: आधी मराठीत सोडवून बघा

उताऱ्याची उत्तरं चुकली की मुलं म्हणतात, इंग्रजी कच्चं आहे. पुष्कळदा कच्चं असतं ते वाचन. हा उतारा बघा.

'रत्नागिरी आणि राजापूर परिसरातल्या सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली कातळशिल्पं आहेत. त्यांतली काही गावकऱ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होती, अभ्यासकांचं लक्ष मात्र त्यांच्याकडे बरंच नंतर गेलं. 2022 मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत झाला. खाणकाम आणि बांधकाम यांमुळे काही ठिकाणी त्यांना धोका आहे.'

प्रश्न: उताऱ्यावरून कोणतं विधान बरोबर ठरतं? पहिलं, सगळी कातळशिल्पं नष्ट होत आहेत. दुसरं, 2022 मध्ये कातळशिल्पांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिसरं, कातळशिल्पं बघायला पर्यटक येतात. चौथं, स्थानिकांच्या माहितीची अभ्यासकांनी उशिरा दखल घेतली.

उत्तर चौथं. पहिल्यात 'काही ठिकाणी'चं 'सगळी' झालं. दुसऱ्यात साल बरोबर आहे, पण तात्पुरती यादी म्हणजे दर्जा नव्हे, अर्धं खरं अर्धं खोटं. तिसरं विधान खरं आहे, आपल्या डोळ्यांसमोरचं आहे, पण उताऱ्यात नाही. इंग्रजी उताऱ्यातले सापळे हेच तीन असतात. 'ऑल', 'ऑलवेज', 'नेव्हर', 'ओन्ली' असलेला पर्याय दिसला की उताऱ्यात तितकं ठाम लिहिलंय का ते तपासा. नावं-सालं बरोबर दिसली म्हणून विधान बरोबर समजू नका. आणि स्वतःला माहीत असलेलं उत्तर देऊ नका. हा तिसरा सापळा हुशार, वाचणाऱ्या मुलांना जास्त पकडतो.

सोडवायची पद्धत: आधी प्रश्न वाचा, पर्याय वाचू नका. मग उतारा एकदा सलग. मग प्रत्येक उत्तराची ओळ शोधून तिच्यावर बोट ठेवा. घरी सराव करताना उत्तरापुढे ओळीचा क्रमांक लिहायचाच. ओळ सापडत नसेल तर तो प्रश्न अनुमानाचा आहे, किंवा तुमचं उत्तर चुकलंय. शीर्षक आणि मध्यवर्ती कल्पना विचारली असेल तर तो प्रश्न शेवटी घ्या. फक्त एका परिच्छेदाला लागू पडणारं शीर्षक बाद करा.

8. गाळलेले शब्द आणि वाक्यांचा क्रम

गाळलेल्या शब्दांच्या उताऱ्यात पहिल्या मोकळ्या जागेपाशी अडून बसू नका. सगळा उतारा एकदा वाचा, पुढची ओळ मागचं उत्तर सांगते. जागेच्या आजूबाजूला अव्यय आहे का, उपपद आहे का बघा, अर्ध्या जागा व्याकरणावरच भरतात.

वाक्यांचा क्रम लावताना 'ही', 'धिस', 'सच', 'हाउएव्हर' यांनी सुरू होणारं वाक्य सहसा पहिलं नसतं. 'अ बोट' असलेलं वाक्य आधी, 'द बोट' असलेलं नंतर. पूर्ण नाव आधी, सर्वनाम नंतर. दोन वाक्यांची एक पक्की जोडी सापडली की ती ज्या पर्यायांत तुटते ते खोडा.

9. घड्याळ

रोज दीड तास पुरतो, पण रोज हवा. अर्धा तास व्याकरण, वीस मिनिटं शब्द, उरलेला वेळ वाचन. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरतं, शिमग्यात आणि आंब्याच्या हंगामात हात मोकळे नसतात. तेव्हा नवीन काही घेऊ नका, फक्त चुकांची वही वाचा. खंड मात्र पडू देऊ नका.

शेवटचे दोन महिने आठवड्याला दोन पूर्ण पेपर, खऱ्या परीक्षेच्या वेळेत. पेपर संगणकावर असेल तर किमान काही चाचण्या संगणकावर द्या. उतारा पडद्यावर वर-खाली सरकवत वाचणं कागदापेक्षा वेगळं आहे. पेपरातला माझा क्रम असा: आधी शब्द आणि स्पेलिंग, मग चुका ओळखा, मग गाळलेले शब्द, उतारा शेवटी. ज्यांचं वाचन चांगलं आहे त्यांनी उतारा आधी घेतला तरी चालेल. क्रम कुठलाही ठरवा, पण तो सरावात ठरवा, परीक्षेच्या खोलीत नाही.

गुण कापले जात असतील तर चारपैकी दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तरच उत्तर द्या.

10. केंद्रावर जाताना आणि नंतर

केंद्र जिल्ह्यात मिळालं तर बरं, पण कोल्हापूर किंवा नवी मुंबईही येऊ शकतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. घाटात दरड आली की आंबा घाट किंवा गगनबावड्याचा रस्ता बंद होतो. आदल्या दिवशी पोचा. त्या प्रवासात नवीन पुस्तक नको, चुकांची वही बरोबर ठेवा.

बरोबर घ्यायचं: छापलेलं प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, प्रवेशपत्रावर सांगितले असतील तितके फोटो. आधारवरचं नाव आणि अर्जातलं नाव जुळतंय का ते अर्ज भरतानाच बघा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींना इथे नेहमी अडचण येते. बदलाचा पुरावा, म्हणजे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र, सोबत ठेवा.

परीक्षेनंतर उत्तरतालिका येते आणि हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात. इंग्रजीच्या प्रश्नांत दोन पर्याय बरोबर ठरण्याचे प्रसंग येतात. 'मला वाटतं' अशा हरकतीला अर्थ नसतो, शब्दकोशाचं किंवा मान्य व्याकरणाच्या पुस्तकाचं पान जोडावं लागतं. काही परीक्षांत प्रत्येक हरकतीला शुल्कही असतं, म्हणून खात्री असेल तिथेच घ्या. तुमच्या उत्तरांची प्रत ज्या दिवशी संकेतस्थळावर दिसेल त्याच दिवशी उतरवून ठेवा, काही दिवसांनी ती लिंक बंद होते.